समुद्राचा तळ कुणाचा? कोर्टात हरलेलं टेक्सास जिंकलं कसं

केंद्र विरुद्ध राज्य ही भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं वाटणाऱ्यांसाठी आज अमेरिकेतली एक जुनी गोष्ट सांगतो.

किनाऱ्यालगतचा समुद्राचा तळ आपलाच, असं तिथली किनारी राज्यं धरून चालली होती. तेलाचा पैसा दिसू लागला आणि केंद्रानेही हक्क सांगितला. 1947 मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाविरुद्ध निकाल दिला: किनाऱ्यापासून तीन मैलांच्या पट्ट्यावरही वरचढ हक्क केंद्राचा, कारण समुद्राकडचं संरक्षण आणि परदेशांशी व्यवहार केंद्र बघतं.

1950 मध्ये लुईझियाना आणि टेक्सासही हरले. टेक्सासचं म्हणणं मला तरी बिनतोड वाटलं होतं. 1845 मध्ये अमेरिकेत सामील होण्याआधी तो स्वतंत्र देश होता आणि 1836 मध्येच त्याने आपली सागरी हद्द तीन लीग, म्हणजे सुमारे नऊ सागरी मैल, ठरवली होती. कोर्ट म्हणालं, संघात आलात ते इतर राज्यांच्या बरोबरीने आलात. समुद्रावरचा हक्क तेव्हाच सुटला. हा पैसा टेक्सासात शाळांच्या निधीत जायचा. लोक भडकले.

तळ राज्यांना देणारी विधेयकं अमेरिकी संसदेने मंजूर केली, पण अध्यक्ष ट्रुमन यांनी 1946 आणि 1952 मध्ये ती अडवली. मग 1952 च्या निवडणुकीत आयझेनहॉवर राज्यांच्या बाजूने उभे राहिले. टेक्सासचे गव्हर्नर शिव्हर्स डेमोक्रॅट, तरी त्यांनी रिपब्लिकन आयझेनहॉवरना पाठिंबा दिला. टेक्सास त्यांच्याकडे गेलं. 1953 मध्ये कायदा झाला: तीन सागरी मैल राज्यांचे, मेक्सिकोच्या आखातावरच्या राज्यांनी जुनी हद्द सिद्ध केली तर नऊपर्यंत. 1960 मध्ये त्याच कोर्टाने टेक्सासला नऊ मैल दिले. लुईझियानाला तीनच.

1950 मध्ये कुचकामी ठरलेला 1836 चा कागद दहा वर्षांत कामी आला, कारण मधल्या काळात मतदान झालं आणि कायदा बदलला.

आपल्याकडे घटनेच्या कलम 297 नेच तळ केंद्राला दिलाय. प्रादेशिक समुद्रातली मासेमारी मात्र राज्याकडे. म्हणजे रत्नागिरीसमोरच्या माशाचा कारभार राज्याचा, त्याखालची जमीन केंद्राची! मुंबई हाय तर किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर. टेक्सासचा नियम लावला तरी ते महाराष्ट्राला मिळालं नसतं.

पण किनाऱ्याजवळच्या तळावर राज्याचा काहीच हक्क नसावा? हा प्रश्न कोर्टाला नाही, मत मागायला येणाऱ्यांना विचारायचा आहे. तुम्हाला काय वाटतं?