ट्रेकवर चांगली कॉफी कशी करायची? पाणी, पावडर आणि पॉवर बँकेचं गणित

सावेडीतून शनिवारी निघायचं, राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर करत बारी किंवा पाचनई गाठायचं आणि रविवारची पहाट कळसूबाईवर नाहीतर हरिश्चंद्रगडावर बघायची, हा बेत आता बऱ्याच ग्रुपचा असतो. सॅकमध्ये कॉफीचं सामानही असतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मित्रांचे प्रश्न गॅजेटवरूनच सुरू होतात: "पॉवर बँकवर चालणारी किटली घेऊ का?", "अमुक प्रेस चांगला की तमुक?"

थोडक्यात उत्तर असं: ट्रेकवरची कॉफी गॅजेटमुळे चांगली होत नाही. किती ग्रॅम पावडर, किती मिली पाणी आणि किती मिनिटं, हे तीन आकडे घरीच ठरवले की साध्या स्टीलच्या पातेल्यातही ती छान होते. डोंगरावर महाग पडतं ते फक्त गरम पाणी. ते कसं मिळवायचं, आणि कधी मिळवायच्या भानगडीतच पडायचं नाही, ते पाहू.

पॉवर बँकवर पाणी उकळतं का?

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. मोठ्या मगाला ३०० मिली पाणी धरू. ते २० अंशांवरून ९५ अंशांवर न्यायचं, म्हणजे ०.३ × ७५ × ४.२ = साधारण ९४ किलोज्यूल. बॅटरीच्या भाषेत हे २६ वॉट-तास झाले.

आता पॉवर बँक बघा. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे एकूण ३७ वॉट-तास. व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा वाया जाते, हातात साधारण ३० उरतात. म्हणजे एका मगात पॉवर बँक जवळपास रिकामी! ५,००० एमएएचचा फोन पूर्ण चार्ज व्हायला १९ वॉट-तासांच्या आसपास लागतात. थोडक्यात, एक मग पाणी म्हणजे फोनच्या एका फुल चार्जपेक्षा जास्त.

वेळेचंही तसंच. साध्या ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या पोर्टमधून १० वॉट मिळतात. २६ वॉट-तासांना अडीच तासांहून जास्त वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात थंड हवेत पाणी निवतही राहील. उकळी येणारच नाही.

रात्री वाट चुकली किंवा कुणाचा पाय मुरगळला, तर ऑफलाइन नकाशा, टॉर्च आणि ११२ नंबर हे सगळं त्याच बॅटरीवर चालतं. पॉवर बँक फोनसाठी ठेवा, पाण्यासाठी नाही.

मग गॅस किती लागतो?

छोट्या ट्रेकिंग स्टोव्हच्या डब्यात बहुतेक वेळा ब्युटेन असतो. १ ग्रॅम ब्युटेन जळला की साधारण ४६ किलोज्यूल उष्णता मिळते. त्यातली निम्मी पातेल्याबाहेर गेली असं धरलं, तरी आपल्या ३०० मिलीला ४ ते ५ ग्रॅम पुरतात. २२५ ग्रॅमच्या एका डब्यात चाळीसेक मग! वारा असेल तर हा आकडा झपाट्याने घसरतो, म्हणून दगडाचा आडोसा बघा आणि पातेल्यावर झाकण ठेवा.

हिवाळ्यात गडावर पहाटे स्टोव्हची ज्योत मंद होते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच द्रव होतो, त्यामुळे थंडीत डब्यातला दाब कमी पडतो. उपाय एकच: रात्री डबा जॅकेटच्या आत किंवा स्लीपिंग बॅगजवळ ठेवायचा. तो ज्योतीवर किंवा शेकोटीजवळ धरून गरम करणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

उंचीवर पाणी लवकर उकळतं. कॉफीचं काय?

वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. दर ३०० मीटरला साधारण १ अंश, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सावेडी, साधारण ६५० मीटर: ९८ अंश
हरिश्चंद्रगड, साधारण १,४२४ मीटर: ९५ अंश
कळसूबाई, १,६४६ मीटर: साडेचौऱ्याण्णव अंश
लेह, साधारण ३,५०० मीटर: ८८ अंश

कॉफीसाठी ९० ते ९६ अंशांचं पाणी चांगलं मानतात. त्याहून गरम असेल तर कडवटपणा जास्त उतरतो, फार थंड असेल तर चव आंबट आणि पातळ लागते. म्हणून घरी उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागतं. कळसूबाईवर थांबायची गरजच नाही, उकळतं पाणी थेट ओता. लेहला मात्र उकळतं पाणीसुद्धा कमी गरम असतं, तिथे पावडर थोडी बारीक घ्या आणि एखादं मिनिट जास्त भिजू द्या.

फोनवर उंची बघताना जीपीएसचा आकडा वीस-तीस मीटरने इकडेतिकडे होऊ शकतो. कॉफीसाठी काळजी नको, ३० मीटरने उकळबिंदू फक्त ०.१ अंशाने बदलतो.

पाणी विहिरीचं किंवा टाक्याचं असेल, तर खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळत ठेवा. सह्याद्रीच्या उंचीला एवढं पुरतं. साधारण २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं धरा. गढूळ पाणी आधी कापडातून गाळा.

घरून काय करून न्यायचं?

१. मोजणी. एक भाग पावडर, पंधरा-सोळा भाग पाणी. १५ ग्रॅमला २४० मिली. घरी वजनकाट्यावर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधा आणि झिप पाऊचमध्ये ठेवा. काटा नसेल तर पोहे खायचे सपाट तीन मोठे चमचे.

२. जाडी. भिजवून करायची कॉफी जाड्या रव्यासारखी दळलेली हवी. मिक्सरवर करणार असाल तर थांबत थांबत फिरवा. मैद्यासारखी बारीक झाली तर कडू होते आणि चोथा खाली बसत नाही.

३. ताजेपणा. दळल्यावर कॉफीचा वास उडायला लागतो. शक्यतो निघायच्या आदल्या रात्री दळा आणि हवा काढून पाऊच बंद करा.

पाकीट घेताना मागची ओळ वाचा. चिकोरी मिसळलेली असेल तर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के, हे त्यावर छापलेलं असतं. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, कॅफिन येत नाही.

चार पद्धती, कमी सामानापासून सुरुवात

इन्स्टंट: कॉफी आधीच उतरवून वाळवलेली असते, म्हणून विरघळते. चोथा नाही, गाळणं नाही. एक छोटा चमचा १५० मिलीला. आधी दोन चमचे पाण्यात फेटा, मग बाकीचं पाणी घाला, गुठळ्या होत नाहीत. पाऊस असेल किंवा ग्रुप मोठा असेल तर हीच बरी.

पातेल्यातली: माझी नेहमीची. पाणी उकळलं की स्टोव्ह बंद करा, १५ ग्रॅम पावडर टाका, एकदा ढवळा, झाकण ठेवा आणि फोनवर ४ मिनिटांचा टायमर लावा. मग वरून दोन चमचे गार पाणी शिंपडा आणि अर्धा मिनिट थांबा. चोथा खाली बसतो. न हलवता हळूच ओता, तळातलं शेवटचं बोटभर पाणी सोडून द्या. पावडर टाकल्यावर पुन्हा उकळू नका, कडूपणा तिथूनच येतो.

ड्रिप बॅग: मगाच्या काठावर अडकवायची कागदी पिशवी. साधारण १० ग्रॅम पावडर असते, १५० मिली पाणी तीन-चार वेळा थोडं थोडं ओतायचं. चव स्वच्छ येते, पण प्रत्येक कपामागे कागद आणि वेष्टनाचा कचरा होतो. तो परत आणायची तयारी असेल तरच घ्या.

कोल्ड ब्रू: इथे आगच लागत नाही. रात्री घरीच ५० ग्रॅम जाडसर पावडर अर्धा लिटर पिण्याच्या पाण्यात भिजवा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. १२ तासांनी स्वच्छ सुती कापडातून गाळून बाटलीत भरा. गार पाण्यात कडू घटक कमी उतरतात, म्हणून चव मऊ लागते. ही दाट असते, पिताना तेवढंच पाणी मिसळा. हे पाणी उकळलेलं नाही, तेव्हा त्याच दिवशी संपवा.

थंडीत आणखी एक युक्ती. १० अंशांवर गार पडलेला स्टीलचा मग कॉफीतले पाच-सहा अंश सहज खातो. आधी थोडं गरम पाणी घालून तो विसळून घ्या, आणि तेच पाणी दुसऱ्या मगात ओता.

स्टोव्ह कधी पेटवायचा नाही?

तंबूत किंवा गुहेत कधीच नाही. बंद जागेत ज्वलन अपुरं होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. बाहेर पाऊस असेल तर त्या दिवशी कोल्ड ब्रू.

डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला चारी बाजूंनी आडोसा करू नका. उष्णता डब्याकडे परतते आणि दाब वाढतो. एक बाजू कायम मोकळी हवी.

जानेवारी ते मे गवत वाळलेलं असतं आणि एक ठिणगी अख्खा उतार जाळू शकते. हे डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. अभयारण्याला धोका होईल अशा प्रकारे आग पेटवायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार मनाई आहे. वनखात्याच्या नाक्यावर स्टोव्हबद्दल आधी विचारा आणि नाही म्हटलं तर नाही. पाणी गरम हवंच असेल, तर घरून थर्मासमध्ये आणा किंवा गावातल्या टपरीवर पैसे देऊन घ्या. त्यात त्यांचीही चार पैशांची कमाई होते.

गॅसचा डबा रेल्वेत, एसटीत किंवा विमानात नेता येत नाही. स्वतःची गाडी नसेल तर त्या ट्रेकला थर्मास किंवा कोल्ड ब्रू.

चोथा आणि कॅफिन

चोथा कुंडात, टाक्यात किंवा ओढ्यात टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात परत आणा, घरच्या कुंडीला खत होईल.

१५ ग्रॅम अरेबिका पावडरीतून साधारण १५० मिलिग्रॅम कॅफिन मिळतं, रोबस्टातून जवळपास दुप्पट. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात. शरीरातलं निम्मं कॅफिन कमी व्हायला पाचेक तास लागतात. पहाटे तीनला चढाई असेल तर रात्री नऊची कॉफी टाळा, नाहीतर झोप जाईल आणि उतरताना पाय लटपटतील. आणि कॉफी प्यायली म्हणून पाण्याची बाटली कमी करू नका.

सॅकची यादी

झाकणाचं छोटं पातेलं, स्टीलचा मग, चमचा, १५ ग्रॅमच्या पुड्या, सुती कापड, चोथ्याचा डबा. आग चालणार असेल तर स्टोव्ह, डबा आणि लायटर. चालणार नसेल तर थर्मास किंवा कोल्ड ब्रूची बाटली. आणि पॉवर बँक, फुल चार्ज केलेली, फक्त फोनसाठी.