कपाटातले विणकर



चित्रकलेवर बोलण्याचा आम्हांस काय अधिकार, असे येथे बसलेल्या पुष्कळांच्या मनात आले असेल. आमच्याही मनात आले होते. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यावर, हाती पडेल त्या पुस्तकावर. परंतु चालकांनी 'कला आणि समाज' असा विषय सुचविला तेव्हा आम्हांला आमच्या कचेरीतली लोखंडी ट्रंक आठवली, आणि आम्ही हो म्हटले.

त्या ट्रंकेत १९८२ सालच्या मुंबईच्या गिरणीसंपातली पत्रके आहेत. संप झाला तेव्हा आम्ही अजून शाळकरी पोर होतो; पत्रके वडिलांनी जपली. पुढे कचेरी आमच्या हाती आल्यावर त्यांतले सगळ्यांत चांगले एक पत्रक आम्ही मोठ्या हौसेने काच लावून मढवून घेतले आणि येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावे म्हणून खिडकीशेजारी टांगले. चार वर्षांत ते विटकरी झाले. एका कोपऱ्यात काचेला चिकटले होते. सोडवायला गेलो तर कागदाचा भुगा हाती आला. ट्रंकेतली त्याची भावंडे मात्र पिवळसर का होईना, शाबूत होती. जे आम्ही मानाने भिंतीवर लावले ते गेले, आणि जे अडगळीत पडले ते उरले. ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली. मोठी कलासंग्रहालये कागद कसा सांभाळतात, हे आम्ही वाचू लागलो ते तेव्हापासून. त्या वाचनातच जर्मनीतल्या विणकरांची सहा चित्रे आम्हांला भेटली.

१८४४ सालच्या जूनमध्ये सायलेशिया प्रांतात हातमागावर काम करणारे विणकर व्यापाऱ्यांच्या वाड्यांवर चालून गेले. यंत्राच्या कापडाने भाव पडले होते, आणि व्यापारी मजुरी आणखी कापीत होते. प्रशियाच्या सैन्याने गोळीबार केला. अकरा माणसे ठार झाली. जवळजवळ पन्नास वर्षांनी गेऱ्हार्ट हाउप्टमान याने त्यावर नाटक लिहिले. पोलिसांनी त्याच्या जाहीर प्रयोगास बंदी केली, म्हणून १८९३ च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये त्याचा प्रयोग सभासदांपुरता झाला. प्रेक्षकांत केटे कोलविट्झ नावाची पंचविशीतली एक चित्रकर्ती होती. तिचा नवरा डॉक्टर. बर्लिनच्या कामगारवस्तीत त्याचा दवाखाना, आणि विमा उतरविलेले कामगार हेच त्याचे रोगी. या बाईला गरिबी पाहण्यासाठी नाटकाला जाण्याची गरज नव्हती; ती रोज तिच्या जिन्यावरच बसलेली असे. परंतु नाटकाने तिला विषय दिला. हातातले काम टाकून ती या चित्रांमागे लागली आणि १८९७ पर्यंत लागलेली राहिली.

ही चित्रे तैलरंगातली नव्हेत. तीन शिळाछापाची आणि तीन तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने कोरून छापलेली, ज्याला एचिंग म्हणतात. सगळी काळ्या शाईची. पहिले तर एवढे लहान, की पोस्टकार्डाहून फार मोठे नाही: ठेंगणी खोली, पाळण्याएवढ्या अंथरुणात पोर, त्याच्यावर डोके दोन्ही हातांत धरून वाकलेली आई, आणि मागे अख्खी खोली गिळून बसलेला माग. ज्यांच्या घरात माग आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. माणसाने मागाला जागा दिली नसून मागाने माणसाला कोपरा दिला आहे. पुढच्या चित्रांत मृत्यू, मग रात्रीची मसलत, मग मोर्चा. मोर्च्यात एका बाईच्या पाठीवर मूल झोपले आहे. आम्ही आयुष्यात पुष्कळ मोर्चे काढले, आणि असे झोपलेले मूल प्रत्येक मोर्च्यात पाहिले. पण त्याकडे लक्ष या चित्राने वेधले. पाचव्यात व्यापाऱ्याच्या नक्षीदार फाटकावर हल्ला; बायका रस्त्याचे दगड उपटीत आहेत. सहाव्यात प्रेते घरात आणून त्याच मागाशेजारी ठेवली आहेत.

१८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ही चित्रे लागली. परीक्षकांत आडोल्फ मेंट्सेलसारखा वृद्ध, राजमान्य चित्रकार होता. तरी परीक्षकांनी लहान सुवर्णपदकाची शिफारस केली. मंत्र्याने बादशहास प्रतिकूल सल्ला दिला. हरकत कौशल्यावर नव्हती. विषयावर होती, आणि त्यात कोठेही समेटाचा सूर नाही यावर होती. (समेटाचा सूर नाही ही तक्रार आम्हीही वाटाघाटींच्या टेबलाशी पुष्कळदा ऐकलेली आहे.) कैसर दुसऱ्या विल्हेल्मने पदक नाकारले.

येथपर्यंतची गोष्ट कलेवरच्या पुष्कळ पुस्तकांत मिळते. आम्हांला जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा, कमी गाजलेला भाग. ड्रेस्डेन शहरात राजाश्रयाने १७२० साली स्थापन झालेला छापचित्रांचा संग्रह आहे. त्याचा प्रमुख माक्स लेर्स. हा गृहस्थ क्रांतिकारक मुळीच नव्हे. पंधराव्या शतकातल्या जुन्या ताम्रचित्रांचा गाढा अभ्यासक. पण त्याची नजर पारखी होती आणि हाती सरकारी खरेदीचा अधिकार होता. त्याने कोलविट्झची चित्रे संग्रहासाठी घेण्यास सुरुवात केली, पुढे वर्षानुवर्षे घेत राहिला, आणि तिच्या छापचित्रांची पहिली शिस्तवार सूची त्यानेच केली. १८९९ मध्ये त्याच्याच सूचनेवरून ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात त्या विणकरांना सुवर्णपदक मिळाले. बर्लिनचा बादशहा नाही म्हणाला आणि ड्रेस्डेनचा राजा हो म्हणाला. राजे लोकांत एकी नसते ती अशी आपल्या उपयोगी पडते.

यावर आमच्या एका तरुण सहकाऱ्याने आम्हांला चांगलेच पकडले. तो म्हणाला, "दादा, हे छापचित्र निघाले कशासाठी? स्वस्त व्हावे, हजारो हातांत जावे म्हणून ना? मग संग्रहालयाने ते पेटीत बंद केले, तीन महिने काढले नि पुन्हा आत टाकले, तर ते कामगाराचे कसे राहिले? गोदामातल्या मालासारखेच झाले की."

प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर द्यायचे तर आधी कागदाची प्रकृती समजून घेतली पाहिजे. आमचे पत्रक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर होते. त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहते; उजेड आणि हवा लागली की ते तपकिरी होते आणि कागद आंबट, ठिसूळ बनतो. चिंध्यांपासून केलेला चांगला कागद शतके टिकतो, पण उजेड त्यालाही सोडीत नाही. लोक समजतात की अंधारात विसावा दिला म्हणजे चित्र पूर्ववत होते. तसे होत नाही. झालेली झीज भरून येत नाही; आजची उद्याच्यात मिळविली जाते. म्हणून उजेडाचे रेशन करावे लागते. खिडकीशी दिवसा हजार-दोन हजार लक्स प्रकाश सहज असतो. संग्रहालये कागदाच्या चित्रावर सुमारे ५० लक्सच पडू देतात, तोही साधारण तीनच महिने, आणि मग काही वर्षे ते चित्र बाहेर काढीत नाहीत. चित्राला खिडकी कापलेला आम्लरहित पुठ्ठा लावतात, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. आमचे पत्रक काचेला चिकटले ते हा पुठ्ठा नव्हता म्हणून. चित्र मागच्या पुठ्ठ्याला जोडायचे ते पातळ जपानी कागदाच्या बिजागरीने आणि गव्हाच्या खळीने, कारण खळ पाण्याने सुटते. आम्ही चिकटपट्टी लावली होती, हे येथे कबूल करतो.

आता गोदामाचा मुद्दा. गोदामातला माल मालक दाखवील त्यालाच दिसतो. छापचित्रांच्या संग्रहाला मात्र जोडून अभ्यासिका असते. तेथे नियमाप्रमाणे मागणी केली की पेटी टेबलावर येते, आणि काच मध्ये न ठेवता चित्र हातभर अंतरावरून पाहता येते. पोस्टकार्डाएवढे चित्र दालनात दहा फुटांवरून पाहून काय कळणार? ते जवळ घेऊनच पाहायचे असते.

उलट, भिंतीवरची सत्ता केव्हाही बदलते. १९०६ मध्ये बर्लिनला घरबसल्या काम करणाऱ्या मजुरांविषयी प्रदर्शन भरले. त्याचे भित्तिचित्र कोलविट्झने केले होते: थकून गेलेल्या एका बाईचा चेहरा. ते झाकल्याशिवाय आपण येणार नाही, असे बादशाहीण म्हणाली. पुढे १९१४ साली बाईचा धाकटा मुलगा बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. १९१९ मध्ये ती प्रशियाच्या कला अकादमीवर निवडली गेली, आणि १९३३ मध्ये तिला अकादमी सोडावी लागली, कारण हिटलरविरुद्ध दोन्ही कामगारपक्षांनी एक व्हावे या पत्रकावर तिची सही होती. १९३६ मध्ये तिची शिल्पे प्रदर्शनातून काढली. १९३७ साली तर नाझींनी जर्मनीतल्या शंभराहून अधिक संग्रहालयांतून सुमारे २०,००० आधुनिक कलाकृती उचलल्या, आणि त्यांतला मोठा भाग कागदावरचाच होता. ड्रेस्डेनही सुटले नाही. तेव्हा कपाट म्हणजे किल्ला, असे आमचे म्हणणे नाही.

पण छापचित्राचा एक गुण जप्तीवाल्यांना पुरून उरला. त्याच्या प्रती असतात. एका शहरातली उचलली तरी दुसऱ्या देशात ती असते. नाझी अंमलातच, १९३६ मध्ये, चिनी लेखक लू शुन याने शांघायमध्ये तिच्या निवडक चित्रांचे पुस्तक काढले. आपल्याकडचे उदाहरण उलटे आणि दुःखाचे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या गावांतून हिंडला आणि उपाशी माणसे काळ्या शाईने कागदावर उतरविली. मुंबईत त्याचे पुस्तक निघाले. ब्रिटिश सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. घरच्यांनी जपलेल्या एका प्रतीवरून ते २०११ साली पुन्हा छापता आले. चित्तप्रसाद पुढे अनेक वर्षे मुंबईत, अंधेरीला राहून लिनोवर कोरीत राहिला. आपल्या राज्यात त्याला त्या काळी कोणी लेर्स भेटला नाही.

कोलविट्झचा शेवट ड्रेस्डेनजवळच झाला. बर्लिनचे तिचे घर १९४३ मध्ये बाँबने गेले. सॅक्सनीच्या त्याच राजघराण्यातल्या एका राजपुत्राने तिला मोरिट्झबुर्ग येथे आसरा दिला. तेथे २२ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास दोन आठवडे असताना, ती वारली. तत्पूर्वी फेब्रुवारीत ड्रेस्डेन जळाले होते. तेथला संग्रह बराचसा सोव्हिएत सैन्याने नेला आणि १९५८ मध्ये परत केला. तिची दोनशेहून अधिक चित्रे आज तेथे आहेत.

आमच्या त्या तरुण सहकाऱ्याचे पूर्ण समाधान झालेले नाही. कचेरीच्या भिंतीवर त्याने पत्रकाची मोठी नक्कल छापून लावली आहे, आणि ती खिडकीसमोरच लावली आहे; विटली की दुसरी लावू म्हणतो. अस्सल पत्रके आम्ही ट्रंकेतून काढून, एकेक आम्लरहित कागदात ठेवून, पुठ्ठ्याच्या पेटीत भरली आहेत. रविवारी सकाळी कचेरी उघडी असते. हात धुऊन आले म्हणजे कोणालाही ती पाहता येतात.