श्रीमान योगी (कादंबरी)

श्रीमान योगी ही रणजित देसाई (८ एप्रिल १९२८ – ६ मार्च १९९२) यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या जीवनावर लिहिलेली मराठी ऐतिहासिक कादंबरी आहे. ती १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. 'स्वामी' या अत्यंत लोकप्रिय कादंबरीनंतर आलेली ही देसाई यांची दुसरी मोठी ऐतिहासिक कादंबरी होय. हजाराहून अधिक पृष्ठांच्या या कादंबरीला मोठा वाचकवर्ग लाभला. तथापि तिच्याविषयीची मते प्रारंभापासून एकसारखी नाहीत. नांदेड येथील विचारवंत व समीक्षक नरहर कुरुंदकर यांची दीर्घ प्रस्तावना हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य असून, कादंबरीचे मूल्यमापन करताना अनेक वाचक तिचाच आधार घेतात.

पार्श्वभूमी

देसाई हे कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातील कोवाड या गावचे. कथा तसेच 'बारी' व 'माझा गाव' या ग्रामीण पार्श्वभूमीच्या कादंबऱ्यांनंतर ते ऐतिहासिक कादंबरीकडे वळले. थोरले माधवराव पेशवे यांच्यावरील 'स्वामी' १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये देसाई यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला.

पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवेपदावर आलेले माधवराव १७७२ मध्ये थेऊर येथे मृत्यू पावले. अवघ्या अकरा वर्षांचा हा काळ, घरातील कलह, निजाम व हैदर यांच्याशी झालेली युद्धे आणि अकाली मृत्यू यांमुळे 'स्वामी'ला मुळातच शोकात्म आणि बांधीव आकार लाभला होता. 'श्रीमान योगी'चा विषय याहून पुष्कळ विस्तृत होता. शिवनेरीवरील जन्मापासून (१६३०) रायगडावरील मृत्यूपर्यंतचे (१६८०) पन्नास वर्षांचे आयुष्य आणि एका राज्याची घडण तिला कवेत घ्यायची होती. मराठीत शिवकालावर कादंबरी लिहिण्याची परंपरा हरी नारायण आपटे यांच्यापासून चालत आलेली असली, तरी महाराजांचे संपूर्ण चरित्र एकाच कादंबरीत मांडण्याचा हा प्रयत्न तिच्या विस्तारामुळे वेगळा ठरला.

कथानक व रचना

कादंबरी घटनाक्रमाने पुढे जाते. जिजाबाईंचे शिवनेरीवरील वास्तव्य, पुण्यातील बालपण, अफजलखानाशी झालेली भेट (१६५९), पन्हाळ्याहून विशाळगडाकडे प्रयाण (१६६०), शायिस्ताखानावरील छापा (१६६३), पुरंदरचा तह (१६६५), आग्र्याहून सुटका (१६६६), राज्याभिषेक (१६७४) आणि दक्षिण दिग्विजय हे तिचे प्रमुख टप्पे आहेत. लढायांच्या जोडीने कौटुंबिक जीवनालाही तिच्यात मोठे स्थान आहे. माता-पुत्राचे नाते, राण्यांचे अंतःपुर, सहकाऱ्यांचे मृत्यू आणि अखेरच्या वर्षांतील एकाकीपण यांचे चित्रण मुख्यतः संवादांतून केलेले आहे.

कुरुंदकरांची प्रस्तावना

नरहर कुरुंदकर (१५ जुलै १९३२ – १० फेब्रुवारी १९८२) यांनी नांदेड येथील प्रतिभा निकेतन या शाळेत व पुढे पीपल्स कॉलेजमध्ये अध्यापन केले. पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्यही होते. मराठी कादंबरीचा विचार त्यांनी 'धार आणि काठ' या ग्रंथात स्वतंत्रपणे केला आहे. 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना त्यांनी देसाई यांना लिहिलेल्या पत्राच्या स्वरूपात आहे.

रूढ प्रस्तावनेप्रमाणे ती कादंबरीची ओळख करून देत नाही किंवा तिची स्तुतीही करत नाही. शिवचरित्राकडे पाहताना कोणते प्रश्न विचारले पाहिजेत, याची ती मांडणी करते. अफजलखान, शायिस्ताखान, आग्रा हे प्रसंग थरारक असले, तरी एखाद्या राज्यसंस्थापकाचे मोठेपण केवळ अशा प्रसंगांतून उलगडत नाही, हा तिचा मध्यवर्ती विचार आहे. महाराजांच्या मृत्यूनंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच अडकून पडला. राजा मारला गेला, राजधानी पडली, तरीही लोक लढत राहिले. ही लढण्याची प्रेरणा कोठून आली, याचे उत्तर महाराजांच्या राज्यकारभारात आणि प्रजेच्या मनात निर्माण झालेल्या विश्वासात शोधावे लागते, असे कुरुंदकरांचे प्रतिपादन आहे. अवतार किंवा चमत्कार यांच्या आधारे केलेले स्पष्टीकरण त्यांना मान्य नाही. या विषयावरील त्यांचे विवेचन 'छत्रपती शिवाजी महाराज : जीवनरहस्य' या छोट्या पुस्तकातही आढळते.

वाचकांचा प्रतिसाद

कादंबरीचे सातत्याने पुनर्मुद्रण होत आले आहे. तिला अनुकूल असलेल्या वाचकांच्या मते, बखरींतून आणि पोवाड्यांतून परिचित असलेला पराक्रमी पुरुष येथे मुलगा, पती, पिता आणि मित्र या नात्यांनी प्रथमच जवळून दिसतो. संशोधनात्मक चरित्रे न वाचणाऱ्या मोठ्या वर्गाला शिवकालाची सलग ओळख या कादंबरीतून झाली.

'स्वामी'शी तुलना करणाऱ्या वाचकांचे मत मात्र विभागलेले आहे. 'स्वामी'तील एकाग्रता येथे विस्तारात हरवते, प्रसंगांची मालिका पुढे सरकते पण त्यांना एका सूत्रात बांधणारा ताण सर्वत्र टिकत नाही, असा एक आक्षेप आहे. पल्लेदार, अलंकृत संवाद हेही मतभेदाचे कारण आहे. काही वाचकांना त्यांत त्या काळाचे भारदस्तपण जाणवते, तर काहींना सर्वच पात्रे एकाच भाषेत बोलतात असे वाटते. भावनेच्या प्रसंगांचे आधिक्य हा गुण की दोष, यावरही एकमत नाही.

प्रस्तावनेमुळे या मतभेदाला आणखी एक परिमाण मिळाले. कुरुंदकरांनी राज्यकर्त्या शिवाजी महाराजांविषयी प्रश्न उभे केले, तर कादंबरीचा भर मुख्यतः व्यक्तीच्या सुखदुःखावर राहिला. महसूल, वतनदारी, गडांची व्यवस्था, आरमार यांसारखे विषय भावजीवनाच्या तुलनेत कमी जागा घेतात. त्यामुळे प्रस्तावना कादंबरीपेक्षा सरस आहे, असे मानणारे वाचक आहेत. दुसऱ्या बाजूस, राज्यव्यवस्थेचे विश्लेषण हे इतिहासकाराचे काम असून कादंबरीकाराने माणूस उभा करावा आणि तो देसाई यांनी केला, असे उत्तर दिले जाते. आपल्या कादंबरीला मोजण्याचे इतके कठोर माप लेखकाने तिच्याच आरंभी छापले, ही बाब दोन्ही बाजूंचे वाचक लक्षात घेतात.

ऐतिहासिकतेविषयीचे आक्षेप

संत रामदास आणि दादोजी कोंडदेव यांचे महाराजांच्या जीवनातील स्थान हा महाराष्ट्रात दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. २०१० मध्ये पुण्यातील लाल महालातून दादोजींचा पुतळा हटवण्यात आल्यानंतर तो अधिक तीव्र झाला. बखरींतील परंपरेला जवळ असलेली या कादंबरीतील चित्रणे त्यामुळे नव्याने तपासली जाऊ लागली. अखेरच्या भागातील सोयराबाई व संभाजी यांच्यातील तणावाचे चित्रणही याच प्रकारे वाचले जाते. वा. सी. बेंद्रे व कमल गोखले यांच्या संशोधनाने संभाजी महाराजांची प्रतिमा बदलली आणि शिवाजी सावंत यांच्या 'छावा' (१९७९) या कादंबरीने ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली. त्यानंतर 'श्रीमान योगी'कडे आलेल्या पिढीच्या अपेक्षा १९६८ मधील वाचकांहून भिन्न होत्या.

मराठवाड्याचा संदर्भ

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पेशवे आणि निजाम यांच्यातील अनेक संघर्ष याच भूमीवर झाले. उदगीरची लढाई (१७६०) आजच्या लातूर जिल्ह्यात, तर माधवरावांच्या कारकिर्दीतील राक्षसभुवनची लढाई (१७६३) बीड जिल्ह्यात गोदावरीकाठी झाली. उर्दू व फारसी यांच्या सान्निध्यामुळे येथील अभ्यासकांना इतिहासाच्या दुसऱ्या बाजूची साधनेही उपलब्ध होती. निलंगा (आता लातूर जिल्हा) येथे जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांनी भीमसेन सक्सेना, साकी मुस्तैदखान यांच्यासारख्या मोगलकालीन लेखकांचे फारसी वृत्तांत मराठीत आणले. नांदेडच्या कुरुंदकरांची चिकित्सा आणि निलंग्याच्या पगडींचे साधनसंशोधन यांमुळे, शिवकालावरील ललित लेखन तपासून वाचण्याची दृष्टी मराठी वाचकांना मिळण्यास मराठवाड्याचा मोठा हातभार लागला.

देसाई यांचे उत्तरकालीन लेखन

'श्रीमान योगी'नंतर देसाई यांनी कर्णाच्या जीवनावर 'राधेय' (१९७३) आणि चित्रकार रविवर्मा यांच्यावर 'राजा रविवर्मा' (१९८४) या कादंबऱ्या लिहिल्या. 'रंग रसिया' हा केतन मेहता दिग्दर्शित चित्रपट 'राजा रविवर्मा'वर आधारित आहे. शिवकालाकडे ते 'लक्ष्यवेध' व 'पावनखिंड' या तुलनेने लहान कादंबऱ्यांतून पुन्हा वळले. अनुक्रमे अफजलखान प्रकरण आणि पन्हाळा–विशाळगड प्रवास हे त्यांचे विषय आहेत. एकाच मोहिमेवर केंद्रित झाल्यामुळे या कादंबऱ्या वेगवान व बांधीव वाटतात. परंतु ज्या थरारक प्रसंगांपलीकडे जाण्याचा आग्रह कुरुंदकरांनी धरला होता, त्याच प्रसंगांकडे त्या परत येतात.

अनुवाद

'श्रीमान योगी'चा विक्रांत पांडे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'शिवाजी : द ग्रेट मराठा' या नावाने २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हेही पाहा

स्वामी (कादंबरी)
नरहर कुरुंदकर
सेतुमाधवराव पगडी
छावा (कादंबरी)