दोन भट्ट्या आणि एक तारीख

गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरात माझा जन्म झाला. आमचे तात्या लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सकाळचा भोंगा झाला की तात्या डबा घेऊन चाळीचा जिना उतरत आणि आम्ही पोरे गॅलरीतून चिमणीकडे पाहत असू. धूर निघतो आहे म्हणजे पगार आहे, एवढे अर्थशास्त्र चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत असे.

१९८२ च्या जानेवारीत संप झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. आमची चिमणी थंडावली ती पुन्हा पेटलीच नाही. अमुक दिवशी गिरणी बंद होणार, असे आम्हांला कोणी कधी सांगितले नाही. ती बंद झाली आहे हे कळायलाच तात्यांना चार वर्षे लागली. तोवर ते बिल्ला खिशात घालून फाटकापर्यंत जाऊन येत.

ही घरगुती कथा दिवाळीच्या दिवसांत कशाला, असे वाचक म्हणतील. पण २०२४ च्या सप्टेंबरात भाच्याकडे इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेलो असताना एक दृश्य पाहिले आणि तात्यांची आठवण झाली. आगगाडीतून जाताना रुळांच्या बाजूला आठ अवाढव्य मनोरे दिसले. कुंभाराने रांजण करून उलटे ठेवावेत तसे. भाचा म्हणाला, "मामा, नीट पाहून घ्या. रॅटक्लिफचं वीजघर ते. या महिन्याच्या तीस तारखेला बंद होणार."

"तीस तारखेला? कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. कित्येक वर्षांपासून."

कित्येक वर्षांपासून! मी जन्मभर इतिहास शिकवला. पण कारखान्याच्या मरणाची तिथी पंचांगासारखी आधी छापून ठेवतात, हे मला नवीन होते. त्या तिथीचा शोध घेता घेता मी ज्या कायद्यांपाशी पोहोचलो, त्यांचीच ही हकीगत.

इंग्लंडात धुराविरुद्धचे कायदे जुने आहेत. गेल्याच्या मागच्या शतकात साबण, काच आणि कापड ह्यांसाठी लागणारा सोडा मिठापासून करीत. त्या कारखान्यांतून आम्लाची वाफ निघे आणि आसपासची झाडे व पिके करपून जात. १८६३ साली पार्लमेंटाने कायदा केला: ह्या आम्लापैकी निदान ९५ टक्के कारखान्यातच अडवले पाहिजे. रॉबर्ट अँगस स्मिथ नावाचा रसायनशास्त्रज्ञ तपासनीस नेमला. पुढे झाले असे की, हवेत सोडून द्यायचे तेच आम्ल वापरून कापड आणि कागद पांढरे करणारी ब्लीचिंग पावडर करता येऊ लागली. सोडा करण्याची दुसरी स्वस्त रीत निघाली तेव्हा जुन्या कारखानदारांना ह्याच पावडरीने पुष्कळ वर्षे तगवले. ज्याला ते कचरा म्हणत होते, त्याने त्यांची पेढी राखली!

दुसरा प्रसंग १९५२ चा. डिसेंबरच्या ५ ते ९ तारखांना लंडनवर कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे असे झाकण बसले की माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. त्या वेळच्या हिशेबाने चार हजार माणसे दगावली; नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. त्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी: धूरबंदीच्या भागात घरातली शेगडी बदलायला जो खर्च येई, त्यातला दहातला सात हिस्सा सरकार आणि नगरपालिका मिळून परत देत. नुसते 'धूर करू नका' असे बजावून ते थांबले नाहीत. 'नव्या शेगडीचे पैसे आम्ही घालतो' असेही म्हणाले.

आता तिसरा कायदा. दिसणारा धूर गेला, पण न दिसणारा कर्बवायू राहिला. आणि त्याने साऱ्या पृथ्वीची हवा तापते आहे हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. २८ ऑक्टोबर २००८ च्या रात्री ब्रिटिश लोकसभेत हवामान बदलाच्या विधेयकावर अखेरचे मतदान झाले. बाजूने ४६३, विरुद्ध ३. गंमत म्हणजे त्याच रात्री लंडनमध्ये बर्फ पडत होता! ऑक्टोबरात तिथे १९३४ नंतर असा बर्फ पडला नव्हता. जग तापते आहे म्हणून कायदा करणारी मंडळी कुडकुडत घरी गेली.

ह्या कायद्याने देशालाच कायद्याच्या बंधनात घातले. १९९० साली जितका कर्बवायू सुटत होता त्याच्या ८० टक्के कपात २०५० पर्यंत. २०१९ साली तेच शंभर टक्के, म्हणजे जमेइतकाच खर्च करण्यात आले. आमच्या घरी आई महिन्याच्या पहिल्या तारखेला किराण्याचे, दुधाचे, फीचे पैसे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवी. ह्या कायद्यात तशीच पाच पाच वर्षांची कर्बाची अंदाजपत्रके आहेत आणि ती बारा वर्षे आधी ठरतात. सरकारे बदलली तरी पुडी सोडता येत नाही. कारखानदाराला सवलतीइतकेच हे हवे असते: पुढच्या बारा वर्षांत कशाला मोल राहील आणि कशाला नाही, ह्याचा अंदाज.

परिणाम काय झाला? २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशावर होत असे. २०१३ पासून वीजघरांच्या कर्बावर जादा कर बसला. २०१५ साली सरकारने कोळशाची वीज दहा वर्षांत बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. पुढे ही मुदत २०२४ च्या ऑक्टोबरावर आणली. दुसऱ्या बाजूने, समुद्रातल्या पवनचक्क्यांना विजेचा ठरावीक भाव पंधरा वर्षे देण्याचे करार केले. भावाची खात्री मिळताच भांडवल आले. २०१४ च्या करारांत हजार युनिटांना दीडशे पौंडांच्या आसपास भाव द्यावा लागला होता. २०१९ च्या लिलावात तो चाळीसवर आला. हल बंदरात पवनचक्कीच्या पात्यांचा कारखाना निघाला, आणि मासेमारी बसलेल्या ग्रिम्सबीच्या गोदीतून चक्क्यांच्या दुरुस्तीला होड्या निघू लागल्या.

असे असले तरी सारे गोड आहे असे समजू नये. तिथल्या कारखान्यांना वीज फार महाग पडते, ही तक्रार खरी आहे. विजेचा भाव अजून बहुतेक वेळा महागड्या गॅसवर ठरतो, हे त्याचे एक मोठे कारण.

आता त्या तीस तारखेकडे येतो. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ बंद झाले आणि १८८२ साली लंडनच्या हॉलबर्न पुलापाशी सुरू झालेली ब्रिटनमधली कोळशाची सार्वजनिक वीज १४२ वर्षांनी संपली. कामगारांशी आधीच बोलणी झाली होती. कोणाला दुसरीकडे काम, कोणाला नवे शिक्षण, कोणाला निवृत्ती. डोळे पाणावले असतील, पण छाती कोणी पिटली नाही.

योगायोग असा की, त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टालबट गावची शेवटची झोतभट्टीही विझली. हा कारखाना २००७ पासून आपल्या टाटांकडे. तिथे जानेवारीत घोषणा झाली आणि सप्टेंबरात भट्टी थंड. साऱ्या ब्रिटनमधल्या सुमारे २८०० नोकऱ्यांवर गदा, त्यांतल्या बहुतेक ह्या एका गावातल्या. दोष एकट्या कायद्याचा नव्हे. कारखाना दिवसाला सुमारे दहा लाख पौंड तोट्यात होता आणि जगात पोलाद स्वस्त झाले होते. तिथे विजेची नवी भट्टी यायची आहे. सव्वाशे कोटी पौंडांपैकी पन्नास कोटी सरकारचे. पण तिचे बांधकाम सुरू झाले ते २०२५ च्या जुलैत. जुनी भट्टी विझली तेव्हा नवीचा पायाही खणलेला नव्हता. मधल्या काळात पोलादाच्या लाद्या परदेशातून आणायच्या. म्हणजे ब्रिटनच्या वहीतला कर्ब कमी झाला; पृथ्वीच्या वहीत तो दुसऱ्या पानावर गेला.

एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एकाच दिवशी दोन आगी विझल्या. एकीला नऊ वर्षांची तारीख होती आणि तिची जागा घेणारे उभे होते. दुसरीला नऊ महिने मिळाले. कायदा धंदा मारतो की तारतो, ह्यावर मोठमोठे वाद होतात. मला त्या दोन आगींनी एवढेच शिकवले की, अशा कायद्याचे सर्वांत मोठे दान म्हणजे वेळेवर सांगितलेली तारीख. आणि त्या तारखेआधी दुसरी शेगडी पेटवलेली नसेल तर ते दान फुकट.

हे सारे दूरचे आहे असे समजण्याचे कारण नाही. परक्या देशात गेलेला कर्ब पकडण्यासाठी युरोपीय संघाने सीमेवर जकात घातली आहे. २०२६ च्या आरंभापासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, इतकेच काय पण लोखंडी नटबोल्टही ते करताना किती कर्ब सुटला ह्याच्या हिशेबानेच तिकडे उतरतात. आपल्याकडेही २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा २०२२ साली सुधारून कर्बाच्या देवघेवीचा बाजार उभारायचे ठरले, आणि २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद ह्या धंद्यांना मर्यादा घालून दिल्या. त्यांच्या पंक्तीला कॉस्टिक सोड्याचा धंदाही आहे. १८६३ चा सोडा असा १६२ वर्षांनी आपल्या दारी आला!

परत आल्यावर मी तात्यांची पत्र्याची पेटी उघडली. बिल्ला तसाच होता, नंबर पुसट झालेला. चिमणी कायम धुराची राहावी असे मला आता वाटत नाही. माझ्या नातीला दम्याचा त्रास आहे. पण चंद्रपुराच्या किंवा नागपुराच्या वीजघरात उद्या एखादी चिमणी थंड होईल, तेव्हा तिथल्या कोणा पोराच्या बापाला तो दिवस आधी कळलेला असावा. बिल्ला खिशात घालून फाटकापर्यंत जाऊन यायची पाळी त्याच्यावर येऊ नये.