दहापैकी चार, आणि साओ पाउलोचा एक क्लब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मसुदा. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

आधी थोडं माझं रडगाणं. मागच्या महिन्यात आमच्या कॅमेरा क्लबमध्ये प्रिंट स्पर्धा होती, विषय 'अमूर्त'. मी एसटीच्या खिडकीच्या काचेवरचे ओरखडे अगदी जवळून टिपले होते, मागे संध्याकाळचा उजेड. 12 × 18 इंचाची मॅट प्रिंट काढली, माउंट केली. परीक्षकांनी ती हातात घेतली, उलटी धरली, पुन्हा सुलटी केली आणि विचारलं, "यात विषय कुठे आहे?" दहापैकी चार गुण. घरी येताना ठरवलं, पुढच्या वर्षीची वर्गणी भरायची नाही. आणि मग चिडून शोधत बसलो, की अशा स्पर्धांमधून कधी काही धड बाहेर पडलंय का? शोधता शोधता थेट ब्राझीलला पोचलो.

साओ पाउलोत 1939 मध्ये काही हौशी लोकांनी एक फोटो क्लब काढला. 1945 पासून त्यात सिनेमाही आला आणि नाव झालं फोटो-सिने क्लुबे बांदेइरांते. 'हौशी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. फोटोवर पोट असलेले लोक यात फार थोडे. अनेक वर्षं अध्यक्ष राहिलेले एदुआर्दो साल्वातोरे वकील. जेर्मान लोर्का सुरुवातीला हिशेबनीस. जेराल्दो दे बारोस बँकेत नोकरीला. आणि तोमाझ फार्कास आपल्या जातकुळीतला, म्हणजे इंजिनिअरिंग शिकलेला! बुडापेस्टमध्ये जन्म, घरचं कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान, 1942 मध्ये अठराव्या वर्षी क्लबात दाखल.

क्लबचं काम कसं चालायचं? आपल्याकडे चालतं तसंच. ठरावीक काळाने अंतर्गत स्पर्धा, दिलेला विषय, सभासदांच्या श्रेणी, गुण, क्रमवारी. लोकांच्या कामावर सगळ्यांसमोर चर्चा. 1946 पासून क्लबची स्वतःची पत्रिकाही निघायला लागली. चांगल्या प्रिंट्स पोस्टाने देशोदेशीच्या सलोनना जायच्या, आणि परत येताना पाठीवर शिक्के आणि लेबलं घेऊन यायच्या. मला हे फार आवडलं. समोर एक अमूर्त आकार आणि मागे त्याचा सगळा प्रवास. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक प्रिंट आपली गिट हिस्ट्री पाठीवर घेऊन हिंडत होती.

पण सगळ्यात जास्त अडकलो ते जेराल्दोपाशी. मुळात हा चित्रकार. 1940 च्या दशकाच्या शेवटी याच्या हातात कॅमेरा आला आणि यानं कॅमेऱ्याचे सगळे नियम मोडायला घेतले. एकाच निगेटिव्हवर पुन्हा पुन्हा एक्स्पोजर. रेल्वे स्टेशनच्या छताच्या रेषा एकमेकींवर अशा चढवायच्या की स्टेशन हरवून जातं, उरतात फक्त त्रिकोण आणि उजेड. निगेटिव्ह सुईने खरवडायची, तिच्यावर शाईने चित्र काढायचं. विचार करा, ज्या काळात निगेटिव्हवर ओरखडा म्हणजे निष्काळजीपणा, त्या काळात हा माणूस मुद्दाम ओरखडे काढत होता. क्लबमध्ये सगळ्यांना हे पटलं नाही, आणि त्यात नवल नाही. गुणपत्रिकेत या गोष्टीसाठी रकानाच नसणार.

मग त्याने हे काम साओ पाउलोच्या कलासंग्रहालयात 'फोटोफोर्मा' या नावाने मांडलं आणि 1951 मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. 1952 मध्ये 'रुप्तुरा' हा अमूर्त कलावंतांचा गट निघाला, त्याच्या संस्थापकांत हा होता. नंतर फर्निचर डिझाइनकडे वळला. ती गोष्ट मोठी आहे, आज नको.

इथे माझा राग म्हणत होता, बघ, क्लबला काही कळत नव्हतं! पण तसं सोपं नाहीये. कारण त्याच क्लबात गर्ट्रूड्स आल्टशुल होत्या. बर्लिनच्या ज्यू बाई, नाझींपासून जीव वाचवून 1939 मध्ये ब्राझीलला आलेल्या. पोटापाण्याला नवऱ्याबरोबर टोप्यांवर लावायची हातकामाची फुलं करायच्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 1952 मध्ये, क्लबच्या सभासद झाल्या आणि 1953 चा त्यांचा 'फिलिग्राना' बघा. पपईचं पान, बस्स. पण इतक्या जवळून आणि अशा उजेडात, की शिरांची जाळी चांदीच्या तारकामासारखी दिसते. दिवसभर कापडाची पानंफुलं करणाऱ्या बाईला खऱ्या पानात नक्षी दिसली. आता हे त्यांनी क्लबशिवाय केलं असतं का? मला नाही वाटत. ठरलेल्या तारखेला काहीतरी घेऊन जायचंच आहे, आणि चार लोक ते बघणार आहेत, हा धाक लहान नसतो. स्प्रिंटची डेडलाइन असल्याशिवाय मी तरी कुठे कोड पूर्ण करतो?

पुढे मात्र या सगळ्यांवर 'क्लबवाले' हा शिक्का बसला. फार्कासच्या प्रिंट्स 1949 मध्येच न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात पोचल्या होत्या, त्याच वर्षी साओ पाउलोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं स्वतंत्र प्रदर्शनही झालं होतं. तरी ब्राझीलबाहेर या क्लबचं नाव कितीतरी दशकं फारसं कुणी घेतलं नाही. हौशी लोकांची स्पर्धा म्हणजे करमणूक, असंच धरून चालले सगळे. मोमाने या फोटोक्लबवर मोठं प्रदर्शन भरवलं ते थेट मे 2021 मध्ये. जेर्मान लोर्का त्याच महिन्यात गेले, वय 98. आल्टशुलबाई तर 1962 मध्येच गेल्या होत्या.

असो. माझी ती प्रिंट आता टेबलासमोर लावलीय. मागे पेन्सिलने लिहिलंय, '4/10', आणि तारीख. परवा वर्गणीही भरली. पुढच्या महिन्याचा विषय आहे 'निसर्गातली नक्षी'. आमच्या सोसायटीमागे पपईचं झाड आहे, पण ते पान आता घेता येत नाही, आल्टशुलबाईंनी घेऊन टाकलंय. सध्या शेवग्याच्या शेंगांकडे बघतोय.