विवादित निकाल आणि किताबाची नोंद : 'महाराष्ट्र केसरी'च्या संदर्भात

व्यावसायिक मुष्टियुद्धात विजेत्याने आपला किताब किती वेळा राखला, यावरून त्याचे स्थान ठरविले जाते. जो लुई याने जागतिक हेवीवेट किताब सलग २५ वेळा राखला. लढत बरोबरीत सुटल्यास किताब मूळ विजेत्याकडेच राहतो. त्यामुळे पंचांचा एक वादग्रस्त कौलही ही संख्या बदलू शकतो. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे लेनॉक्स लुईस व इव्हँडर होलिफील्ड यांची लढत बरोबरीत सुटल्याचे जाहीर झाले. लुईसच जिंकला, असे बहुसंख्य जाणकारांचे मत होते. तरीही होलिफील्डचे किताब अबाधित राहिले.

'महाराष्ट्र केसरी'ची रीत निराळी आहे. १९६१ साली औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले, तेव्हापासून हा किताब राखायचा नसून प्रत्येक स्पर्धेत नव्याने जिंकायचा असतो. मात्र 'दुहेरी' व 'तिहेरी' केसरी या उपाध्यांमुळे मागील विजयांचा हिशेब येथेही आलाच. नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) यांच्या तिहेरी यशाविषयी वाद उद्भवत नाही, कारण त्या काळी यादी एकच होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ही स्थिती पालटली. राज्य कुस्तीगीर संघाच्या फुलगाव येथील स्पर्धेत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अंतिम कुस्तीत हरविले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी राज्य कुस्तीगीर परिषदेच्या धाराशिव येथील स्पर्धेत राक्षेने हर्षवर्धन सदगीरवर मात केली. राक्षे जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात केसरी झालेला होता. तेव्हा त्याला दुहेरी केसरी म्हणावे, की किताब गमावलेला मल्ल? दोन्ही विधानांना आधार आहे. फेब्रुवारी २०२५ मधील अहिल्यानगरची स्पर्धा ६७ वी, तर मार्चमधील कर्जतची ६६ वी गणली गेली; कालगणनेची अशी उलटापालट इतिहासकारास क्वचितच भेटते. यापुढे विजेत्याच्या नावापुढे केवळ साल देऊन भागणार नाही. स्थळ व आयोजक संस्था नोंदविणे अपरिहार्य आहे.

पंचांच्या निर्णयाचा प्रश्न यापेक्षा जुना आणि अधिक बिकट आहे. अहिल्यानगरच्या उपांत्य कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने राक्षेला चीतपट केल्याचा निर्णय झाला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. त्याने पंचांना लाथ मारली; हे कृत्य असमर्थनीयच होते. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. विजेत्यांच्या यादीत मोहोळचे नाव आले. खांद्यांविषयीचा आक्षेप तिच्यात कोठेही नाही.