खानेखानानचे कुंड, अंबरची नहर आणि जमिनीखालच्या पाण्याचा हिशोब

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये दोन माणसे एकमेकांच्या विरोधात उभी होती. एक मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानेखानान, दोहे लिहिणारा रहीम तो हाच. दुसरा मलिक अंबर, हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झालेला. १६१६ मध्ये खानेखानानचा मुलगा शाहनवाज खान याने अंबरचा पराभव केला आणि त्याने वसवलेले खडकी शहर उद्ध्वस्त केले. हेच खडकी पुढे औरंगाबाद झाले, आजचे छत्रपती संभाजीनगर.

या लढाया इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. पण त्याच काही वर्षांत हे दोन्ही शत्रू आपापल्या शहरात एकच काम करत होते, ते फारसे कुणी सांगत नाही. १६१५ मध्ये खानेखानानने बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा उभारला. अंबरची नहर, नहर-ए-अंबरी, १६१७च्या सुमारासची मानली जाते. दोघांनीही शहराला पाणी दिले ते जमिनीखालून.

बुऱ्हाणपूरला तापी नदी शहराला लागून वाहते. तरीही पिण्यासाठी सातपुड्याच्या उतारावरून जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेतच अडवले गेले. शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी विवरे, आणि त्यांना खालून जोडणारे भुयार. इराणात ज्याला कनात म्हणतात त्याच जातीची ही रचना. खडकीत अंबरने डोंगराच्या पायथ्याशी पाणी धरले आणि ते भुयारातून व मातीच्या नळांतून शहरात आणले. वाटेत हवा निघून जावी आणि दाब सांभाळला जावा म्हणून उभारलेले दगडी-विटांचे मनोरे, ज्यांना तिथले लोक बंब म्हणतात, त्यातले काही आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. ना मोट, ना रहाट. पाणी फक्त उताराने येते.

याची एक बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उताराने येणारे पाणी निसर्ग देईल तेवढेच मिळते. पाऊस कमी झाला, भूजल खाली गेले, की नहरीची धार बारीक होते. कुंडीच्या तोंडाशी उभा राहून कुणीही पाहू शकतो की यंदा पाणी किती खाली आहे. पातळी मोजण्यासाठी वेगळे यंत्र नको, कुंडी हीच मोजपट्टी. बोअरवेलचे नेमके उलटे आहे. तिथे पंप चालू आहे तोवर सगळे ठीक वाटते, आणि ज्या दिवशी पंप हवा ओढू लागतो त्या दिवशी कळते की संपले. त्यातून आपला दख्खनचा काळा पाषाण! पाणी बहुतेक वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातच साठते. कितीही खोल भोक पाडा, खाली समुद्र नाही.

हे ज्ञान कुठून आले? इराणातला गणिती अल-करजी याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लपलेल्या पाण्याचा शोध कसा घ्यावा यावर एक ग्रंथ लिहिला. जमिनीतल्या पाण्याच्या खुणा, उतार मोजण्याची साधने, भुयार खोदण्याची व राखण्याची रीत, हे सगळे त्यात आहे. आणि हरीमही आहे. हरीम म्हणजे विहिरीभोवतीची राखीव जागा, जिथे दुसऱ्याने खोदायचे नाही. हनफी फिकहमध्ये साध्या विहिरीसाठी ४० हात आणि झऱ्यासाठी ५०० हात असे माप येते. हेतू सरळ होता: शेजाऱ्याच्या विहिरीने माझ्या विहिरीचे पाणी ओढू नये.

महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायची नाही, असा नियम त्यात होता. कुणी कुणाची नक्कल केली असे माझे म्हणणे नाही. गरज एकच, म्हणून उत्तरही जवळपासचे.

आज राज्यात मोजणीचे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. १९७२च्या दुष्काळाच्या काळात ती स्थापन झाली. हजारो निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. पुढच्या उन्हाळ्यात टंचाई कुठे पडेल याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. गावांसाठी हे बऱ्यापैकी चालते. शहराचे काय? औरंगाबादने पैठणच्या जायकवाडीचे पाणी उचलून आणायला सुरुवात केली आणि पायाखालच्या पाण्याकडे पाहणेच सोडले. नळाला पाणी काही दिवसांआड येते, मधल्या दिवसांत भागवतात बोअर आणि टँकर. दरम्यान नहरीवर घरे उभी राहिली, पाया खोदताना नळ फुटले, सांडपाणी आत शिरले.

आपल्या मंडळींची एक सवय मला खटकते. अंबरच्या नहरीचे फोटो "चारशे वर्षांपूर्वीचे तंत्रज्ञान" म्हणून आपण मोठ्या अभिमानाने पुढे पाठवतो. आणि आपल्याच मोहल्ल्यातल्या जुन्या मशिदीची विहीर फरशी टाकून बंद असते, शेजारी वजूसाठी बोअर चालू असतो. तो किती फूट खोल आहे हे मुतवल्लींनाही आठवत नाही.

अशी एखादी विहीर उघडून साफ केली तर ती पुन्हा मोजपट्टी होऊ शकते. दोरीला वजन बांधायचे, काठावरच्या एकाच ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे, तेही पहाटे, उपसा सुरू होण्यापूर्वी. यंत्रणेचेच चार महिने धरावेत आणि आकडा तारखेसह भिंतीवर लिहावा. फजरनंतर पाच मिनिटांचे काम आहे. तीन-चार वर्षांचे आकडे जमले की महानगरपालिकेत टँकर मागायला जाताना ती वहीही सोबत नेता येईल.